दादा कोंडके ज्या पायऱ्या चढले, त्या मनोरलाही हव्यात

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



हे पत्र मी मनोरहून लिहितो आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून आपला ताफा कधी गेला असेल तर मस्तान नाका आपण पाहिला असेल. इथून एक रस्ता पालघरला जातो, एक वाड्याकडे, एक विक्रमगडवरून जव्हारला. थोडं पुढे चिल्हार फाट्यावरून बोईसरचा आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता फुटतो. माणसांची एवढी ये-जा आणि एवढ्या भाषांची सरमिसळ असलेली ठिकाणं राज्यात फार नसतील. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, मांगेला, वाडवळ, गुजराती, उत्तर भारतातून आलेला कामगार असे सगळे या नाक्यावर एकमेकांशी बोलतात, भांडतात आणि हसतात.

या पट्ट्यात माणसांना हसवण्याची उपजत कला असलेली मुलं-मुली आहेत. त्यांच्यासाठी मनोर आणि बोईसरला छोटा, स्वस्त आणि वर्षभर नियमानं चालणारा मंच असावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. करमणुकीसाठी थोडी सोय करा, अशी ही किरकोळ मागणी आहे असं कृपया समजू नका. विनोदी कलावंत कसा घडतो याचा एक लखलखीत दाखला महाराष्ट्रापुढे आहे आणि त्याच्या आधारावरच मी बोलतो आहे. तो दाखला दादा कोंडके यांचा.

दादांबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. एक, त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. दुसरी, त्यांचे संवाद द्व्यर्थी होते. या दोन गोष्टींच्या मध्ये दादांचं खरं शिक्षण दडून राहतं. ते कुठे झालं, कोणी दिलं, त्याला किती वर्षं लागली हे कोणी विचारत नाही. सांस्कृतिक खात्यानं विचारायचा प्रश्न मात्र तोच आहे.

कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२चा, मुंबईतल्या नायगावच्या चाळीतला. कुटुंब मूळचं भोरजवळच्या इंगवली गावचं, गिरणीच्या आधारानं मुंबईत रुजलेलं. लहानपणी ते चांगलेच दांडगट होते आणि गल्लीतल्या मारामाऱ्यांचे किस्से ते पुढे स्वतःच सांगत. तरुणपणी घरातली जिवाभावाची माणसं थोड्या काळात एकापाठोपाठ एक गेली. त्या धक्क्यातून बाहेर पडताना आपण लोकांना हसवायचं ठरवलं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. पण ठरवल्यानं कोणी नट होत नाही. उभं राहायला जागा लागते, आणि ती त्यांना नायगाव-लालबागनं दिली.

आधी बँडपथक होतं. मग राष्ट्र सेवा दलाचं कलापथक आलं. पोटासाठी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी आणि संध्याकाळी तालीम. गिरणगावात त्या काळी कलेची एक अख्खी व्यवस्था उभी होती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं होतं. शाहीर साबळे यांची मुक्तनाट्यं होत होती. चाळीचा गणपती होता, गिरणी कामगारांची नाट्यमंडळं होती, १९५३ साली स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा होत्या. आठ तास यंत्रापुढे उभं राहिलेला माणूस रात्री पुन्हा रंगमंचावर उभा राहू शकत होता, कारण तो मंच त्याच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. दादांनी पुढे स्वतःचं कलापथक काढलं. गावोगाव, मंडळामंडळांत, मिळेल त्या मंचावर प्रयोग केले. नाव होण्याआधीची ही सगळी वर्षं त्यांनी लोकांसमोर उभं राहून काढली.

मग वसंत सबनीसांचा वग आला. ‘छपरी पलंगाचा वग’ हे त्याचं आधीचं नाव. ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावानं तो महाराष्ट्रभर गाजला. १९६५च्या सुमारास सुरू झालेल्या या लोकनाट्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. पुढे ‘सैंया भए कोतवाल’ या नावानं ते हिंदीतही गेलं. सबनीसांची संहिता भक्कम होती, पण वगनाट्याची रीतच अशी की संहितेत नटासाठी जागा राखलेली असते. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, या तमाशाच्या जुन्या क्रमात सोंगाड्या हाच एक असा माणूस असतो ज्याला राजालाही टोकायचा परवाना असतो. दादांनी हवालदाराच्या भूमिकेत हा परवाना पुरेपूर वापरला. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात येई. ज्या गावात प्रयोग असेल तिथला रस्ता, तिथलं पाणी, तिथला पुढारी संवादात शिरे. प्रेक्षकातून आवाज आला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळे.

आज ज्याला तरुण मुलं स्टँडअप म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही. एक माणूस, समोर अनोळखी गर्दी, हातात शब्दांशिवाय काही नाही. फरक असला तर एवढाच की दादांना ते दीड हजार वेळा करायला मिळालं. तेच वाक्य इतक्यांदा उच्चारलं की श्वास कुठे घ्यायचा, कुठे थांबायचं, कोणता शब्द गाळायचा हे अंगात मुरतं. सोलापूरला जिथे हशा आला तिथे नाशिकला शांतता का पसरली, याचा विचार नट रात्रभर करतो आणि दुसऱ्या दिवशी वाक्य बदलतो. विनोदी कलावंताचा खरा गुरू हा न हसलेला प्रेक्षक असतो. त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा उभं राहण्याची सोय समाजानं करून द्यावी लागते. ती सोय दादांना मिळाली, म्हणून दादा घडले.

पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे, पण त्यातली साखळी मला मुद्दाम दाखवायची आहे. ‘विच्छा’चा प्रयोग आशा भोसले यांनी पाहिला आणि दादांचं नाव भालजी पेंढारकरांपर्यंत पोहोचलं. १९६९ साली भालजींच्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले, त्या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.  त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७१ साली, दादांनी स्वतः निर्माते होऊन ‘सोंगाड्या’ काढला. पटकथा-संवाद सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं, सोबत उषा चव्हाण, निळू फुले, आणि आईच्या भूमिकेत रत्नमाला. तमाशाच्या नादी लागलेला, आईच्या धाकातला भोळा नाम्या. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी, गोंधळलेले डोळे आणि तोंडातून मध्येच निसटल्यासारखा येणारा शब्द. पडद्यावर असा नायक मराठी माणसानं पाहिला नव्हता. देखणा नाही, शूर नाही, शहाणाही नाही, तरीही थिएटरातला प्रत्येक शेतमजूर आणि गिरणी कामगार त्याला आपला मानत होता.

दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ला ठरलेल्या तारखा नाकारून देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा घाट घातला गेला. तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर उतरले आणि ‘सोंगाड्या’ लागला. हा प्रसंग बहुतेक वेळा राजकारणाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यात मंचाची गोष्ट दिसते. चित्रपट तयार होता, प्रेक्षक तयार होता, आणि तरीही दार बंद होतं. दार उघडलं तेव्हाच इतिहास घडला. सांस्कृतिक धोरण म्हणजे शेवटी दार कोणासाठी उघडं ठेवायचं याचाच निर्णय असतो.

त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’ अशी रांग लागली. १९७५च्या ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही दादांकडे आलं. या एका चित्रपटानं किती माणसांना उभं केलं ते पाहा. सुरेंद्र आणि विजय पाटील या दोन संगीतकारांना दादांनी रामलक्ष्मण हे नाव दिलं. त्यातले विजय पाटील पुढे ‘मैंने प्यार किया’पर्यंत पोहोचले. अशोक सराफ यांना महाराष्ट्रानं विनोदी नट म्हणून खऱ्या अर्थानं ओळखलं ते याच चित्रपटातल्या हवालदारामुळे. त्याच अशोक सराफांना आपल्या शासनानं २०२३चा महाराष्ट्र भूषण दिला आणि २०२५ साली ते पद्मश्री झाले. ‘पांडू हवालदार’ गुजरातीत ‘चंदू जमादार’ झाला. नायगावच्या चाळीतल्या एका कलापथकापासून निघालेला धागा आपल्याला कुठे कुठे घेऊन जातो!

आता दादांवरच्या आक्षेपाबद्दल. तो मी टाळणार नाही, कारण माझ्या मागणीवरही तोच आक्षेप घेतला जाणार आहे: खुला मंच दिला की पोरं अचकटविचकट बोलतील. दादांच्या उत्तरकाळातल्या अनेक चित्रपटांत विनोद स्त्रीच्या शरीराभोवती फिरत राहिला, आणि तो मला पाहवत नाही हे मी स्पष्ट सांगतो. पण त्या घसरणीचं कारण मला मंचाच्या अभावात सापडतं. ‘विच्छा’मधला हवालदार रोज नव्या प्रेक्षकासमोर उभा होता. त्यात पुढच्या रांगेत बसलेल्या बाया होत्या, पोरंबाळं होती, गावचे म्हातारे होते. तिथे शब्द वाकडा गेला तर त्याच क्षणी कळे. सत्तेवर, पोलिसावर, पुढाऱ्यावर रोखलेली ती जीभ धारदार होती. चित्रपटाचं गणित एकदा जमलं आणि समोरचा जिवंत प्रेक्षक गेला, तशी रोजची दुरुस्ती थांबली आणि ठरावीक साचा उरला. एवढ्या मोठ्या कलावंताचं जर प्रेक्षकापासून दूर गेल्यावर असं झालं, तर मोबाइलच्या पडद्यासमोर एकट्यानं बोलणाऱ्या आमच्या मुलांचं काय होईल?

आणि मंच खुला झाला तर त्यावर मुलीही उभ्या राहतील. बाईवर होणाऱ्या विनोदाला सर्वांत चांगलं उत्तर बाईनं केलेल्या विनोदातूनच मिळतं. बोईसरच्या कारखान्यात पॅकिंग करणारी, लोकलच्या डब्यात उभ्यानं प्रवास करणारी, आश्रमशाळेत शिकलेली मुलगी जेव्हा आपल्या सुपरवायझरची आणि सासरची नक्कल करील, तेव्हा अश्लीलतेचा प्रश्न कोणत्याही परिपत्रकापेक्षा लवकर सुटेल.

दादा एकटेच असे घडले असते तर मी अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण निळू फुले पाहा. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा माणूस सेवा दलाच्या कलापथकातून आला आणि शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं लोकांपुढे गेला. राम नगरकर पाहा. सेवा दलाचाच कार्यकर्ता. नाभिक कुटुंबातलं आपलं जगणं त्यांनी ‘रामनगरी’त मांडलं आणि एकट्यानं रंगमंचावर उभं राहून ते सांगितलं. जातीची, गरिबीची, अपमानाची गोष्ट सांगून लोकांना हसवायचं आणि हसता हसता खाली मान घालायला लावायचं, हे त्यांना साधलं. औरंगाबादचे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे पाहा. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करतो, तीही मराठवाड्याच्या खेड्यातल्या बोलीत, आणि साता समुद्रापारची मराठी माणसं ती बोली ऐकायला गर्दी करतात. ही सगळी माणसं प्रमाणभाषेच्या बाहेरून आली. त्यांची बोली हीच त्यांची पुंजी होती. एक संघटना, एक विद्यापीठ, एक कलापथक असं काहीतरी त्या प्रत्येकाच्या पाठीशी उभं होतं.

आमच्याकडे ही पुंजी किती आहे ते आपल्याला सांगायला हवं. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आपल्या खात्याला माहीत आहे. रात्रभर देवदेवतांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे लावून, संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात आणि अख्खं गाव जागं राहतं. तारप्याभोवती फेर धरणारी माणसं इथली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकलेला बाजार मिळाला, प्रदर्शनं मिळाली, विमानतळाच्या भिंती मिळाल्या. पण ज्या भाषेत ही माणसं बोलतात, चेष्टा करतात, सावकाराची आणि साहेबाची नक्कल करतात, त्या भाषेला मंच कुठे मिळाला? चित्र परक्याला भाषेवाचून समजतं म्हणून आपण ते उचललं, आणि बोलणारा माणूस मागे राहिला.

तारापूरच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारा एक तरुण मी गेली काही वर्षं पाहतो आहे. गावच्या गणेशोत्सवात त्याला पंधरा मिनिटं मिळतात. तो ठेकेदार होतो, पाळी बदलताना जांभया देणारा ऑपरेटर होतो, तपासणीला येऊन चहा पिऊन जाणारा साहेब होतो. वारलीत सुरू झालेलं वाक्य मराठीतून फिरून हिंदीत संपतं आणि टाळी गुजराती दुकानदाराकडून येते. त्याच्या अंगात काय आहे हे ओळखायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. पण वर्षाला पंधरा मिनिटं! या हिशेबानं दादांच्या दीड हजार प्रयोगांइतकी उभं राहायची संधी त्याला सात जन्मांतही मिळायची नाही. तो मोबाइलवर चित्रफिती टाकतो. तिथे त्याला आकडे मिळतात, पण कोणत्या वाक्यावर माणूस कंटाळला हे आकड्यांतून कळत नाही. अर्ध्या मिनिटात हसवायची सक्ती असल्यामुळे गोष्ट रचायची, पात्र उभं करायची, प्रेक्षकाला थोडं थांबवून ठेवायची कला त्याला शिकताच येत नाही.

आपण म्हणाल, मुंबई जवळ आहे. नकाशावर आहे. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली हेही खरं. पण मनोरच्या मुलानं दादर गाठायचं म्हणजे आधी पालघर किंवा बोईसर स्टेशनपर्यंत पोहोचायचं, मग सुमारे दोन तास लोकलमध्ये काढायचे, मंचावर पाच-दहा मिनिटं बोलायचं आणि घरी यायला पहाट करायची. सकाळी सातच्या पाळीला त्याला दारावर हजेरी लावायची असते. मराठी स्टँडअपला ‘भाडिपा’सारख्या मंडळींनी शहरांत चांगला प्रेक्षक मिळवून दिला आहे, दूरचित्रवाणी वाहिन्यांवरच्या विनोदी कार्यक्रमांनी एकांकिका स्पर्धांत वर्षानुवर्षं राबलेल्या नटांना घराघरांत नेलं आहे. त्या सर्वांचा मला आदर आहे. पण त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच्या ज्या पायऱ्या आहेत, त्या आमच्या गावात बांधायला हव्यात. मंच घराजवळ असल्याशिवाय कष्टकरी माणूस कलावंत होत नाही, हे गिरणगावानं सिद्ध केलं आहे. तारापूरचा कामगार हा आजच्या काळातला तोच माणूस आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्यानंतर इथे काय काय येतं आहे ते आपण जाणता. सुमारे ७६ हजार कोटींचं वाढवण बंदर, बोईसरला थांबणारी बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग. जमिनी जात आहेत, गावं बदलत आहेत, समुद्रावर जगणारा माणूस अस्वस्थ आहे. एवढ्या मोठ्या उलथापालथीत माणसाला बोलायची जागा लागते. ‘विच्छा’ लोकांना इतकं भिडलं, कारण सत्तेच्या दारात ताटकळणाऱ्या माणसाचं मन त्यातला हवालदार बोलून दाखवत होता. ज्या जिल्ह्यात इतकं काही घडतं आहे, त्या जिल्ह्याच्या पोटातून असा आवाज उठू द्यायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. त्यांपैकी एकीसाठीही नवी इमारत लागत नाही.

पहिली सूचना मंचाची. मनोर आणि बोईसर इथे आहे त्याच समाजमंदिरात किंवा शाळेच्या सभागृहात महिन्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी बोलका मंच भरवावा. दीडशे खुर्च्या, एक चांगला माइक, चार दिवे आणि नाममात्र तिकीट एवढं पुरे. दिवस आणि वेळ कारखान्यांच्या पाळ्या बघून ठरवावी. उद्घाटनाचा मोठा सोहळा नसला तरी चालेल. पण पावसाळ्यात, परीक्षेत, निवडणुकीत काहीही झालं तरी मंच चुकता कामा नये. प्रेक्षकाला सवय नियमितपणानंच लागते.

दुसरी सूचना कलापथकांची. शासकीय योजनांच्या प्रचारासाठी जिल्हा माहिती कार्यालयामार्फत कलापथकांना काम दिलं जातं. पालघरमध्ये हे काम वारली, वाडवळी, मांगेली बोलणाऱ्या तरुणांच्या पथकांना द्यावं, त्यांना वर्षभराचं मानधन द्यावं, आणि योजनेची माहिती बरोबर राखून बाकी संहितेत त्यांना मोकळं सोडावं. योजनेतली अडचण मंचावर बोलली गेली तर अधिकाऱ्यांनी ती ऐकून घ्यावी. दादांच्या हवालदाराला अशी मोकळीक होती म्हणून लोक त्याचं खरं मानत.

तिसरी सूचना परवानगीची. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी संमत करून घ्यावी लागते. ज्या कलेचा प्राणच तिथल्या तिथे सुचलेल्या वाक्यात आहे, तिची संहिता आधी कशी देणार? दीडशे माणसांपुढे दहा मिनिटं बोलणाऱ्या मुलाला कोणती परवानगी लागते, कोणती लागत नाही, हे आपल्या खात्यानं साध्या मराठीत एका पानावर लिहून पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत लावावं. शक्य असेल तिथे अशा छोट्या मंचाला पूर्वसंमतीतून सूट द्यावी. कायद्याच्या धास्तीनं मंडळं आयत्या वेळी कार्यक्रम रद्द करतात. ही धास्ती एका कागदानं जाऊ शकते.

चौथी सूचना शिकवण्याची. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे आणि पालघरची महाविद्यालयं त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. बतावणी म्हणजे काय, सोंगाड्या प्रसंग कसा फुलवतो, आवाज कसा राखायचा, लिहिलेलं वाक्य बोलकं कसं करायचं, हे शिकवणारी शिबिरं मनोर, जव्हार, डहाणू इथे घ्यावीत. शिकवायला तमाशातले जुने सोंगाडेही बोलवावेत. त्यांच्याकडचं ज्ञान पुस्तकात उतरलेलं नाही, आणि ते मंचावरून उतरत चालले आहेत.

या सगळ्याचा खर्च एखाद्या महोत्सवाच्या मांडवाइतकाही होणार नाही. मोठे महोत्सव घडून गेलेल्या कलावंताचा गौरव करतात, आणि तो व्हायलाच हवा. पण गौरव करायला पुढच्या पिढीत कोणी असावं असं वाटत असेल, तर कलावंत घडण्याच्या जागेवर पैसा खर्च करावा लागेल.

दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले. ८ ऑगस्ट २०३२ रोजी त्यांची जन्मशताब्दी आहे. त्या वर्षी शासन कार्यक्रम करील, भाषणं होतील, पुतळ्याची मागणी पुढे येईल. माझी विनंती आहे की शताब्दीची तयारी आजपासून आणि वेगळ्या रीतीनं करावी. येत्या पावसाळ्यानंतर मनोरला पहिला मंच भरला, तर २०३२ उजाडेपर्यंत इथल्या काही मुलामुलींच्या नावावर शंभर-शंभर प्रयोग जमा झालेले असतील. त्यातले बहुतेक आपापल्या नोकरीत राहतील आणि गावाला हसवतील. तेही थोडं नाही. त्यातला एखादा किंवा एखादी मात्र अशी निघेल की तिचं बोलणं ऐकायला दादरचा प्रेक्षक लोकल पकडून बोईसरला येईल. शताब्दीच्या दिवशी तिला व्यासपीठावर बोलवा आणि तिच्या बोलीत बोलू द्या. दादा कोंडके यांना शासनाकडून मिळणारी याहून मोठी मानवंदना मला सुचत नाही.

आपण हे पत्र खात्याकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवाल, ही आशा आहे. त्याआधी एकदा स्वतः मनोरला या. गणेशोत्सवात आलात तर उत्तम. पुढाऱ्याच्या खुर्चीत न बसता माणसांत बसा आणि आमची मुलं काय बोलतात ते ऐका. त्यात आपल्यावर टीका असेल, आपल्या सरकारवरही असेल. ती ऐकून आपण मोकळेपणी हसलात, तर मंच मिळाल्यात जमा आहे असं आम्ही समजू.

आपला,
मनोरचा एक रहिवासी आणि विनोदाचा निष्ठावान प्रेक्षक